पोपटीचं बोलावणं

माझ्या बायकोचं माहेर कडावचं. आमच्या घरापासून मोटारसायकलवर अर्ध्या तासाचाही रस्ता नाही. हे आधीच सांगतो, कारण त्या हिवाळ्यात तिच्या भावाला तो रस्ता फार लांब झाला.

थंडी पडली आणि तिचा दम वाढला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं सुकत चालली आहेत, ती पहिल्यासारखी होणार नाहीत. मी पेंढा विकण्यापासून सुरुवात करून जमिनीच्या व्यवहारात आलेला माणूस. समोरचा किती खाली येईल हे मला त्याच्या बसण्यावरून कळतं. ऑक्सिजनचं मशीन भाड्याने देणाऱ्याशी मी भांडून भाव केला. डॉक्टरांनी मात्र फाइल मिटून अशी बाजूला सारली, की तिथे काही सुटणार नाही हे मला न विचारताच कळलं.

घरात चूल बंद झाली, उदबत्तीसुद्धा बंद. धुकं विरेपर्यंत खिडक्या लावलेल्या. मशीनची नळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचायची. तिथे खुर्चीत बसून ती मला तांदळाच्या भाकऱ्या शिकवायची. माझी पहिली भाकरी बघून म्हणाली, "ह्यो कुनाच्या जमिनीचा नकाशा?" आणि हसली. त्या हसण्याने तिला इतका दम लागला की ओठ निळे पडले. मी तिच्यावरच ओरडलो, हसतेस कशाला म्हणून. त्यानंतर आमच्या घरात कुणी गंमत केली नाही.

पौषात वालाच्या शेंगा भरल्या की आमच्या भागात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ आणि ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढ्या-काटक्यांचा जाळ करायचा. लग्न झाल्यापासून दर हिवाळ्याला तिचा भाऊ पोपटीचं बोलावणं धाडायचा. सासरे गेल्यावर तिने कडावच्या जमिनीवरचा हक्क सोडला, तेव्हा मी म्हणालो होतो, एक तुकडा तरी ठेव. ती म्हणाली, "जमीन मागितली तर पोपटीला कोन बोलवंल?" व्यवहार मला पटला नव्हता, पण कळला होता. तिने सही द्यायची, त्यांनी माहेर द्यायचं.

त्या वर्षी बोलावणं आलं नाही. तिच्या खोकल्याची लागण होते असं कडावच्या घरात कुणीतरी डोक्यात भरवलं होतं. हा टीबी नाही, दुसऱ्याला होत नाही, हे मी मेहुण्याला फोनवर पुन्हा पुन्हा सांगितलं. तो म्हणायचा, येतो भावोजी, जरा काम हाय. इकडे दारात गाडी थांबल्याचा आवाज आला की ती नळी सावरत उठायची, केस सारखे करायची. गाडी माझ्याकडे आलेल्या एखाद्या गिऱ्हाइकाची असायची.

शेवटी मीच बाजारातून शेंगा आणल्या, बांधावरून पाला काढला आणि वाऱ्याची दिशा बघून घरापासून लांब, शेताच्या टोकाला मडकं लावलं. जन्मभर दुसऱ्यांनी लावलेली पोपटी खाल्लेली. जाळ कधी ओढायचा हे कुठून कळणार? अर्ध्या शेंगा करपल्या. बऱ्या निवडून डब्यात भरल्या, शर्ट बाहेरच बदलला आणि तिला सांगितलं, भावाने धाडलीय, घाईत होता, फाटकातूनच गेला.

तिने शेंग सोलून दाणा तोंडात ठेवला. बराच वेळ चावत राहिली.

"ओवा इसरलात," ती म्हणाली.

खोटं उघडं पडलं आणि माझं डोकं मेहुण्यावर फिरलं. तसाच कडावला जाऊन त्याला चारचौघांत विचारतो म्हणून मी गाडीची किल्ली उचलली. तिने हाताने बसायची खूण केली.

"एक सौदा करा माज्याशी. मी ह्या शेंगा खाते, रोज पेज बी पिते. तुमी त्याला कदी काय बोलायचं नाय. मी नसले तरी."

"आणि तो आलाच नाही तर?"

"तरी नाय."

कोथिंबिरीच्या जुडीलाही जिने कधी भाव केला नाही, ती हे बोलत होती. मी म्हणालो, पेज दोन वेळा प्यायची. ती म्हणाली, बरं.

गिळता येत होतं तोवर ती दोन्ही वेळा पेज प्यायली. कधी एकेका घोटाला थांबून, पण वाटी रिकामी करून माझ्याकडे द्यायची. माघात ती गेली.

भाऊ आला तो फाटकापासूनच ओरडून रडत. लोकांनी त्याला धरलं, पाणी पाजलं. पाठीवरून हात फिरवून कुणी म्हणालं, पाठची बहीण होती ना. मी बघत उभा राहिलो.

या थंडीत तो एकदा घरी आला. मी चहा ठेवला. कप तसाच निवत ठेवून तो म्हणाला, घरात लहान पोर होतं, भ्यालो. मग म्हणाला, "भावोजी, काय तरी बोला. शिव्या द्या, पन बोला."

शिव्या माझ्याकडे होत्या, वर्षभर जमवलेल्या. एक जरी दिली असती तर तो सुटला असता, कदाचित मीही. पण ती तिच्या शब्दाला जागली होती. मी त्याला म्हणालो, चहा पी. तो पिऊन निघून गेला आणि मी त्याचा कप धुऊन ठेवला.