थोडी आणि थोडीच

खरपुडी कुठं उगवते हे गंगी उघडेला विचारायला पुण्याहून माणसं येतात, हे वाडीत सुरुवातीला कुणाला खरंच वाटलं नाही. खरपुडी म्हणजे डोंगरमाळावरची बारीक वेल. श्रावणात तिला कंदिलाच्या आकाराचं फूल येतं आणि मातीखाली सुपारीएवढा कंद धरतो. गुरांमागं गेलेली पोरं तो उकरून कच्चाच खातात. अभ्यासकांच्या लेखी ही वनस्पती दुर्मीळ. गंगी एवढंच म्हणायची, ‘‘असंल तितंच असती.’’

लोणावळ्याच्या पाठीमागच्या डोंगरावर तिची ठाकरवाडी. वय पन्नाशीच्या आसपास, शाळा चौथीपर्यंत. उन्हाळ्यात करवंदं-जांभळांची पाटी घेऊन ती पॉइंटवर बसायची आणि पावसाळ्यात दुसऱ्यांच्या खाचरात भात लावायची. पण कोणत्या कड्याखाली कोणती वेल आहे, यंदा फुलली की नाही, हे तिला विचारावं. वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या सुषमाताईंना हे कुणीतरी सांगितलं, आणि त्या ऑगस्टमध्ये वही आणि कॅमेरा घेऊन वाडीवर आल्या.

चार दिवस दोघी हिंडल्या. जिथं पोचता आलं तिथं सुषमाताईंनी स्वतः वेली मोजल्या. दोन जागा मात्र राहिल्या. एक वाघजाईच्या कड्याच्या पोटातली अरुंद पट्टी. धुकं आणि शेवाळ इतकं की त्या दिवशी उतरणं शक्य नव्हतं. दुसरा ओढ्यापलीकडचा उंबरमाळ. ओढ्याला पाणी होतं.

‘‘मावशी, कड्यात किती रोपं असतील?’’ सुषमाताईंनी भिजत्या वहीवर पेन टेकवत विचारलं.

‘‘हायेत थोडी.’’

‘‘आणि उंबरमाळावर?’’

‘‘तितं थोडीच हायेत.’’

सुषमाताईंनी लिहून घेतलं आणि दोघी पाऊस चुकवायला पळाल्या.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अहवालाची कच्ची प्रत आली. इंग्रजीत होती, पण शेवटच्या पानावर माहिती देणाऱ्यांत गंगीचं नाव छापलेलं होतं. तिनं ते पान मुलीसमोर धरलं. उज्ज्वला लोणावळ्यात कॉलेजला जायची आणि भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करायची.

‘‘आता समदं वाच,’’ गंगी म्हणाली. ‘‘माज्या नावावर काय काय लिवलंय ते कळू दे.’’

उज्ज्वला वाचत गेली, मराठीत सांगत गेली. एका ओळीवर थांबली.

‘‘आये, वाघजाईच्या कड्यात खरपुडी जवळजवळ उरलीच न्हाई, असं तू सांगितलंस?’’

‘‘मी? कवा?’’

‘‘हितं ‘फ्यू’ लिवलंय. आणि पुढं म्हणलंय, उरलेली सगळी ऑक्टोबरात कंदासकट काढून पुण्याच्या बागेत न्यायची. वाचवायला.’’

गंगीनं पाखडायला घेतलेलं सूप खाली ठेवलं. ‘‘मी थोडी हायेत म्हणलं व्हतं. फ्यू म्हंजी थोडी न्हाई का?’’

उज्ज्वलानं अभ्यासाची वही काढली. क्लासमध्ये सरांनी चौकट आखून दिली होती. नुसतं ‘फ्यू’ म्हणजे नकारार्थी: जवळजवळ नाहीतच. ‘अ फ्यू’ म्हणजे होकारार्थी: थोडी आहेत, काही आहेत.

‘‘एक ‘अ’ लावला की हायेत, काढला की न्हाईत?’’

‘‘व्हय.’’

गंगीनं वहीतल्या त्या अक्षरावर बोट ठेवलं. तिचा राग कुठं गेला कुणास ठाऊक. तिला त्या ‘अ’चंच नवल वाटायला लागलं. मग एकदम म्हणाली, ‘‘आपल्यात उलटं हाय की गं. थोडी म्हणलं की हायेत. ‘च’ लावला की कमी झाली. त्येंचं अक्षार लावल्यावर वाढतं, आपलं लावल्यावर घटतं.’’

उज्ज्वला आईकडं बघतच राहिली. दोन वर्षं तिनं ती चौकट पाठ केली होती. ‘फ्यू’ला मराठीत ‘थोडीच’ म्हणायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

‘‘मंग उंबरमाळापुढं काय लिवलंय?’’ गंगीनं विचारलं.

उज्ज्वलानं बोट फिरवत शोधलं. ‘‘अ फ्यू.’’

‘‘म्हंजी तितं हायेत, म्हणत्यात?’’

‘‘व्हय. पुरेशी आहेत, सध्या काही करायला नको, असं लिवलंय.’’

‘‘अगं, तितं तर सपत आली!’’

दुसऱ्या दिवशी सकाळीच गंगीनं उज्ज्वलाच्या फोनवरून सुषमाताईंना गाठलं. अहवाल चुकलाय असं ती म्हणाली नाही. म्हणाली, ‘‘ताई, फुलं सुकायच्या आत या. मी बोलले ते आन् तुमी लिवलं ते ताडून बघू.’’

रविवारी सुषमाताई आल्या. त्या दिवशी उघडीप होती. उज्ज्वला दोर धरून वर थांबली, गंगी अनवाणी कड्याच्या पट्टीवर उतरली. तिच्यामागून सुषमाताई, बसत बसत, कारवीची खोडं धरत. गंगी प्रत्येक वेलीला हात लावून मोजत होती. वीस झाल्या की मोठ्यानं ‘एक विसा’ म्हणायची. चार विसा झाल्या, वर आणखी सात. सत्त्याऐंशी.

सुषमाताई तिथंच खडकाला टेकल्या. ‘‘यातली एकही हलवायची गरज नाही, मावशी.’’

‘‘आन् हलवली तर जगतील का?’’

‘‘निम्मी तरी मेली असती,’’ त्या खरं ते बोलल्या.

वर आल्यावर त्यांनी पिशवीतून ती जुनी वही काढली. पावसानं शाई फुटली होती. वाघजाईपुढं ‘फ्यू’ लिहिलेलं दिसत होतं. त्याच्या आधी ‘अ’ लिहिला होता की नाही, ते त्यांनाही सांगता येईना. उंबरमाळाचं मात्र त्यांनी कबूल केलं. ‘‘तुम्ही ‘च’ म्हणालात, आणि मी तो ऐकलाच नाही. मला दोन्हीकडं थोडी एवढंच ऐकू आलं.’’

‘‘तुमी शेरातल्या. आमी ‘च’ उगं लावत न्हाई,’’ गंगी म्हणाली, आणि तिघी हसल्या.

उंबरमाळावर जाईपर्यंत ते हसणं विरलं. माळाच्या निम्म्या भागावर कुणीतरी मुरूम टाकून गाड्या लावायला जागा केली होती. तासभर शोधून तीन वेली सापडल्या. गंगीनं मागच्या वर्षी अकरा बघितल्या होत्या. ती मुरमाच्या कडेला उकिडवी बसली आणि बोटांनी माती चाचपत राहिली, जणू कंद खाली अजून जिवंत असेल.

अहवाल दुरुस्त झाला. वाघजाईच्या पट्टीला हात लावायचा नाही असं ठरलं. त्या तीन वेली मात्र ऑक्टोबरात पानं पिवळी पडल्यावर गंगीनंच मुळांना धक्का न लावता काढल्या. कंद शाळेच्या मागच्या बांधावर लावले. पुढच्या पावसाळ्यात दोनच उगवले. एकाला फूल आलं. सुषमाताईंनी त्यांच्या नोंदीच्या कागदावर एक नवा रकाना आखून घेतला: सांगणाऱ्याचे शब्द, जसेच्या तसे, मराठीत.

गंगीची उत्सुकता काही शमली नाही. उज्ज्वला अभ्यासाला बसली की ती तांदूळ निवडत शेजारी बसते.

‘‘रांजणातलं पाणी थोडंच हाय, तर ‘फ्यू’ पाणी म्हणायचं का?’’ एकदा तिनं विचारलं.

‘‘न्हाई आये. पाण्याला ‘लिटल’. जे एक-दोन-तीन असं मोजता येतं, त्याला ‘फ्यू’.’’

गंगी थांबली. मूठभर तांदूळ तिनं तळहातावर घेतले आणि बोटानं एक-एक दाणा बाजूला सारायला लागली.

‘‘मंग ह्येला काय म्हणायचं?’’ ती म्हणाली. ‘‘मोजाया तर येतंय.’’

उज्ज्वलानं वही उलटसुलट चाळली. सरांच्या चौकटीत तांदूळ नव्हता.

‘‘उद्या विचारते,’’ ती म्हणाली.