दुसरा चेहरा

ऑनलाइन परीक्षेत कॅमेऱ्यासमोर दुसरा चेहरा दिसला किंवा दुसरा आवाज आला, तर पेपर रद्द होतो. एका खोलीच्या घरात मी आणि माझी पाच वर्षांची मुलगी, दोघीच. म्हणून आज बी.ए.च्या पहिल्या पेपरला मी तिला टेबलाखाली बसवलं.

"आई, शिंक आली तर?"

"नाक दाबून धर."

"आणि तुला आली तर?"

"मला चालते गं."

"हे बरंय! तुला सगळंच चालतं."

पेपर सुरू झाल्यावर ती गप्प झाली, इतकी की मलाच भीती वाटू लागली. खाली बघावं, तर नजर हललेलीही नोंदली जाते. आमच्या घरात कॉलेजात पोचलेली मी पहिलीच. हिच्यासाठीच शिकतेय, असं मी सगळ्यांना सांगते. पण माझ्या शिक्षणातून ती बहुधा नसल्यासारखं राहायलाच आधी शिकतेय. ते तिच्या अंगवळणी पडलं तर?

न राहवून मी पाय हळूच पुढे सरकवला. अंगठ्याला तिची बोटं लागली. तिने लगेच हात मागे घेतला, जणू तेही नियमात बसत नसावं.