ओटीचा गहू

तामलवाडीच्या नागम्मासमोर गाजर गवताचं नाव काढायची सोय नव्हती. तिचा नवरा बंडप्पा एकेकाळी दोन गड्यांचं काम एकट्यानं ओढायचा. त्या गवताची त्याला अशी बाधा झाली की मान आणि हात सोलून निघाले, पाठोपाठ दमा लागला, आणि रानातला माणूस घरात बसला. परदेशी गव्हातून ही पीडा आली, असं म्हातारी माणसं सांगत. नागम्मा दिसेल तिथं गवत उपटायची आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. गवताला त्याचं काय! पुढच्या पावसाला ते दुप्पट उगवायचं.

लेक शिवलीला ऑस्ट्रेलियात. तिला सातवा महिना लागला, तशी नागम्मा निघाली. लेकीची पहिली ओटी माहेरच्या रानातल्या गव्हानं भरायची, ही घरची रीत. धान्य आणू नकोस, असं शिवलीलानं फोनवर बजावलं होतं. पण समुद्र ओलांडला म्हणून रीत सुटते होय? नागम्मानं गहू पाखडला, निवडला, नव्या खणात बांधला आणि लुगड्यांच्या घडीत ठेवला.

तिथल्या विमानतळावर हिंदी जाणणाऱ्या एका अधिकारी बाईनं विचारलं, खायचं काही आहे का? नागम्मा बेधडक नाही म्हणाली. तिच्या मनात खोट नव्हती. ओटी भरेपर्यंत त्या गव्हाला खायचा जिन्नस कोण म्हणेल?

गाठोडं सापडलं तेव्हा मात्र ती हट्टाला पेटली. पसाभर गव्हानं एवढा मोठा देश बुडतो का, म्हणून भांडली. बाईनं शांतपणे गहू काढून घेतला, खण पांढऱ्या कागदावर झटकला आणि भिंग तिच्या हातात दिलं. कागदावर बारीक काळं बी पडलं होतं. नागम्माला नाव सांगावं लागलं नाही. नव्या खणाची खळ जावी म्हणून तो धुऊन तिनं बांधावर वाळत घातला होता, तिथंच ते चिकटलं असणार. आपल्याकडं हे गवत आलं तेव्हा वेशीवर भिंग घेऊन कुणी उभं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. नागम्माचं भांडण तिथंच संपलं. खणसुद्धा तिनं देऊन टाकला.

बाहेर शिवलीला वाट बघत होती. आईचा उतरलेला चेहरा बघून ती म्हणाली, "जाऊ दे अव्वा, गहू इथं बी मिळतो."

"गव्हाचं न्हाय गं," नागम्मा म्हणाली. "तुझ्या बापाला ज्यानं घरात बसवलं, ते म्या माझ्या हातानं तुझ्या ओटीत घालणार व्हते."