सप्रेकाकांची कॉशन ऑर्डर

सप्रेकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात आधी मला सुटल्यासारखं वाटलं. वाईट वाटलं, रडूही आलं, पण ते नंतर. काकूंनी अगदी शांतपणे सांगितलं, की दुपारी वरणभात जेवून पडले, चारला चहासाठी हाक मारली तर उठले नाहीत. मी फोन ठेवला आणि मनात पहिला विचार आला तो हा, की चला, आता त्यांना कधीच कळणार नाही. या विचाराची मला इतकी लाज वाटली की शेजारच्या टेबलावरच्या मिश्राजींनी काय झालं म्हणून विचारलं, तर काही नाही म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन दार लावून उभी राहिले. काय कळणार नव्हतं, ते सांगायलाच आज लिहायला बसले आहे... महिना होत आला, आता लिहिता येईल असं वाटतंय.

काका रेल्वेत पी.डब्ल्यू.आय. होते, म्हणजे रुळांची देखभाल बघणारे इन्स्पेक्टर. उभी नोकरी त्यांनी रुळांवरून पायी चालत केली. रुळांखालच्या एका स्लीपरवरून दुसऱ्या स्लीपरवर पाय टाकायची सवय इतकी अंगात मुरलेली, की सदरबाजारात भाजी घ्यायला निघाले तरी पावलं तेवढ्याच अंतरावर पडायची, आणि काकू मागून ओरडायच्या की अहो, इथे गाडी येत नाहीये, जरा माणसांसारखे चाला. माझे वडील त्यांच्याच हाताखाली होते. नोकरीपायी झाशीत आलेली आमच्यासारखी जी थोडी मराठी घरं इथेच राहून गेली, त्यांतलंच सप्र्यांचं एक. माझ्या मराठीत मधूनच हिंदी डोकावते ती त्यामुळे, तेवढं चालवून घ्या. तर, निवृत्तीनंतर काका घरी बसतील अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. त्यांनी रविवारची फिरस्ती सुरू केली. सुरुवातीला चार माणसं होती, मग कॉलनीतली पंधरा-वीस झाली. दिवाळीनंतर सुरू व्हायची आणि अक्षय तृतीयेला बंद म्हणजे बंद.

माझी पुण्याची चुलत बहीण नेहमी नाक मुरडते, तुमच्या झाशीला कुठले गं डोंगर! तिला एकदा फाल्गुनात इथे आणून सोडायला हवं. पानं झडलेल्या रानात पळस असा पेटलेला असतो की बघत राहावं, आणि काळ्या कातळाच्या टेकड्यांमधून बेतवा निळीशार वाहत असते. पण हाच काळ सगळ्यात फसवा, असं काका म्हणायचे. सकाळी सहाला शाल लागते आणि दहाला डोकं तापतं. मोहाची फुलं वेचता यावीत म्हणून गावकरी झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तो कधी वाऱ्याने पसरतो. त्याच मोहाच्या वासाने पहाटे अस्वलही येऊन जातं. कातळाच्या कपारीत आग्या मोहोळ लटकलेलं असतं आणि एखादा शहाणा तिथेच जाऊन अत्तर मारून उभा राहतो. आणि नदी... ती तर वरच्या धरणातून पाणी सुटलं की ऊन असताना, आभाळ कोरडं असताना चढते. आपल्याला पाऊस दिसला की पाण्याची भीती वाटते. इथे पाऊस नसतोच, त्यामुळे भीतीही वाटत नाही.

यावर काकांनी आपल्या नोकरीतलाच उपाय काढला होता. रेल्वेत पुढे रूळ नाजूक असला की ड्रायव्हरच्या हातात लेखी कॉशन ऑर्डर देतात, इथून इथपर्यंत एवढ्याच वेगाने जा, आणि तो वाचून सही करतो. सही केल्याशिवाय गाडी हलत नाही. काका दर रविवारी पहाटे कॉलनीच्या फाटकाशी उभे राहून आमच्या वाटेची अशीच ऑर्डर वाचून दाखवायचे. अमुक टेकडीच्या उत्तरेला मोहोळ, बोलू नये. तमुक नाल्याशी पाचोळा पेटलेला, वळसा घ्यावा. मग कागद सगळ्यांसमोरून फिरायचा आणि प्रत्येकाने सही करायची. नव्या माणसांना हसू यायचं. मीही एकदा वैतागून म्हटलं होतं, "काका, आपण फिरायला चाललोय, मालगाडी नेत नाही आहोत."

"मालगाडीला निदान रूळ असतात, वसू," ते म्हणाले आणि पेन माझ्यापुढे धरलं.

दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे पार गेले. तेव्हापासून शनिवारी सकाळी वाट तपासून यायचं काम माझ्याकडे आलं. मी स्कूटरवर, वाट सुरू होते त्या गावापर्यंत जायचे, तिथून पायी. घरी आले की काकांचा फोन. ते विचारायचे, मी सांगायचे, ते लिहून घ्यायचे. सगळ्यात महत्त्वाचा असायचा तो बेतवाचा घाट. तिथे दगडांवर पाय देत नदी ओलांडायची, आणि पलीकडून टेम्पोने घरी. मधल्या एका मोठ्या दगडावर काकांनी लाल रंगाची रेघ ओढून ठेवली होती. पाणी रेघेच्या खाली असेल तर जायचं, रेघ बुडाली तर नाही. त्यात चर्चा नाही. हे काम मला दिलं याचा मला भारी अभिमान होता, कॉलनीत मिरवायचेसुद्धा.

होळीनंतरचा शनिवार. माझी मुलगी मुक्ता बंगळूरहून यायची होती, साडेअकराची गाडी. मी सकाळी निघायलाच उशीर केला. मोहाच्या झाडांपर्यंत पोचले तर खाली पाचोळा धुमसत होता, धूर डोळ्यांत जात होता, वर ऊन रणरणायला लागलेलं. घाट तिथून अजून अर्धा-पाऊण तास. पुरणाची डाळ भिजत घातलेली, घर पसरलेलं... मी घड्याळ बघितलं आणि सरळ मागे फिरले. इथवर ठीक होतं. दुपारी काकांचा फोन आला. मोहापर्यंतचं सगळं खरं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "घाटापर्यंत गेलीस?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो. पाणी रेघेच्या खाली आहे."

का बोलले, कुणास ठाऊक. नाही म्हणायला काय जात होतं? पण दोन वर्षांत एकदाही नाही म्हटलं नव्हतं, आणि पन्नाशीच्या बाईला लहान मुलीसारखं ओशाळं व्हायचं नव्हतं. फोन ठेवला. परत लावावा असं दहादा वाटलं, पण मुक्ता आली होती, गप्पा चालल्या होत्या, राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी तेरा जण होते. त्यात मुक्ताही, मोठ्या हौसेने टोपी घालून. काकांनी ऑर्डर वाचली. घाटाशी पाणी रेघेच्या खाली, साडेसातच्या आत ओलांडावे. साडेसातचं मी काही सांगितलं नव्हतं, पण काकांची आपली जास्तीची काळजी असेल म्हणून मी सोडून दिलं. माझं लक्षच नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे ती बुडालेली रेघ आणि तिच्यावर पाय टाकणारी माझी पोर. वाटेत मी सगळ्यांना असं पळवलं की पवारवहिनी म्हणाल्या, आज काय ट्रेन चुकतेय का? शेवटच्या वळणावर तर मी धावतच पुढे गेले. रेघ दिसत होती. चांगली चार बोटं वर. माझा जीव भांड्यात पडला. सगळे हसतखेळत पलीकडे गेले, मुक्ताने फोटो काढले. आणि नवाच्या सुमाराला आम्ही पलीकडच्या टपरीवर चहा पीत असताना नदी चढली. बघता बघता दगड दिसेनासे झाले. बाकीचे कौतुकाने बघत होते. मी आमची तेरा डोकी मोजली, मग पुन्हा मोजली.

त्यानंतर तीन आठवडे मी काकांना खरं सांगायला म्हणून त्यांच्या घरी जात राहिले. जायचे, काकूंच्या हातचा चहा प्यायचे, गुडघ्यांची चौकशी करायचे आणि परत यायचे. शेवटच्या खेपेला निघताना त्यांनी विचारलं, बाकी काय? मी म्हटलं, बाकी काही नाही. ते मान हलवून पेपर वाचायला लागले. पाच दिवसांनी काकूंचा फोन आला.

तेरावं झाल्यावर काकूंनी मला आत बोलावलं आणि म्हणाल्या, रविवारचं आता तू बघ, त्यांच्या मनात तेच होतं. मी वेळ नाही म्हणून सांगितलं. काकूंना ते लागलं हे मला दिसलं. कसं सांगणार होते त्यांना, की ज्या बाईच्या शब्दावर तुमच्या यजमानांनी तेरा माणसं नदीत घातली, ती बाई नदीपर्यंत गेलीच नव्हती? घरी आले, पण चैन पडेना. शेवटी दुसऱ्या दिवशी पहाटे उठून एकटीच घाटावर गेले. कशाला, ते मलाही नीट सांगता येणार नाही. जे बघितलं म्हणून सांगितलं होतं ते एकदा तरी बघून यावं, एवढंच.

घाटाच्या अलीकडे वाळूत रामसेवक केवटाची कलिंगडांची आणि काकड्यांची वाडी आहे. उन्हाळाभर तो तिथेच खोपटात राहतो. मला बघून उठून आला, बाबूजींचं कळलं म्हणाला, डोळे पुसले. मग एक काकडी कापून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, की आता शनिवारी संध्याकाळी फोन वाजत नाही तर करमत नाही. मला समजेना. कसला फोन? तर तो म्हणाला, बाबूजींचा. दर शनिवारी यायचा. पाणी किती, रेघ दिसते का, धरणावरून काही निरोप आहे का.

मी हळूच विचारलं, होळीनंतरच्या शनिवारीही आला होता? आला होता की, तो म्हणाला. त्यानेच सांगितलं होतं, की सकाळी नवापर्यंत धरणाचं पाणी इथे पोचणार आहे, साडेसातच्या आत निघून जा. मी काकडी खाली ठेवली. पुढचं विचारायचा धीर होत नव्हता, पण विचारलं. माझ्याबद्दल काही बोलले का?

"हओ, पूछा था, दीदी आईं? मैंने कहा, नईं आईं," रामसेवक म्हणाला. "तो बाबूजी बोले, धूप तेज थी, लौट गई होगी. अच्छा किया."

आधी मला राग आला, अगदी खरा. म्हणजे दोन वर्षं मी उन्हातान्हात हिंडत होते आणि म्हातारा माझ्या मागे दुसरा माणूस लावून बसला होता! मी रामसेवकला फटकन विचारलं, की माझ्यावर भरवसा नव्हता तर मला कशाला पाठवत होते? तो बिचारा गोंधळला. म्हणाला, असं कसं दीदी, पायांत बळ होतं तेव्हा बाबूजी स्वतः येऊन रेघ बघून जायचे, तरी संध्याकाळी फोन करून मला विचारायचेच. म्हणायचे, एका माणसाच्या डोळ्यांवर गाडी सोडत नाहीत, तो माणूस मी असलो तरी.

मग मात्र मी तिथेच वाळूत बसले आणि रडले. रामसेवक घाबरून पाणी घेऊन आला. त्याला कसं समजावणार, की हे रडणं दुःखाचं नाही. महिनाभर छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला होता. माझ्या खोट्यावर कुणीही नदीत उतरलं नव्हतं. मुक्ता उतरली नव्हती. काका मला न ओळखता गेले नव्हते... त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि तरी पुढच्या शनिवारी त्यांनी मलाच पाठवलं होतं. एकच गोष्ट राहून राहून मनात येते. मी मागे फिरले यात त्यांना काही गैर वाटलंच नव्हतं. उन्हात मागे फिरावं म्हणून तर तो सगळा कागदांचा खटाटोप होता. मी खोटं बोलले ते अशा गोष्टीसाठी, जिच्याबद्दल त्यांनी मला शाबासकी दिली असती. 'बाकी काय' विचारलं तेव्हा बोलले असते तर चार शिव्या घातल्या असत्या आणि वर चहा पाजला असता. ते चुकलंच. ते मात्र आता दुरुस्त होणार नाही.

त्याच संध्याकाळी काकूंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं, होळीपासून काकडीपर्यंत. काकूंनी ऐकून घेतलं, आणि मला वाटलं आता काहीतरी लागेल असं बोलतील. त्या म्हणाल्या, अगं, मला भाजी आणायला सांगून स्वतः भाजीवाल्याला फोन करायचे ते, तुझं काय घेऊन बसलीस! आम्ही दोघी इतक्या हसलो की बाहेरच्या खोलीतून सूनबाई बघायला आल्या. दुखवट्याचं घर, पण हसू आवरेना. निघताना मी म्हटलं, रविवारचं बघते मी.

गेल्या शनिवारी, अक्षय तृतीयेआधीच्या शेवटच्या खेपेसाठी, मी वाट तपासायला गेले. मोहाच्या झाडांशी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं, आणि मी परत फिरले. संध्याकाळी रामसेवकला फोन लावला तर तो लागला नाही, लग्नाला गेला असावा. रात्री जेवण झाल्यावर कागद घेऊन ऑर्डर लिहिली. रविवारी पहाटे फाटकाशी नऊ जण होते, काकूही खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी वाचून दाखवलं: मोहाच्या झाडांपर्यंत वाट ठीक, पाचोळा विझलेला. घाट पाहिलेला नाही, ऊन वाढल्याने मी परत फिरले. पेन हातोहात फिरलं, सगळ्यांनी सह्या केल्या, आणि आम्ही मोहापर्यंतच गेलो.