कालव्याच्या तळाची घंटा

कानामागे तळहात धरून ते विचारायचे, "खाली कोणी ऐकलं?"

तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर ते आमचे सुपरवायझर. पॅनेलवरचा दिवा लागला की काम झालं, असं आम्ही धरून चालायचो. ते नाही. चहा आला म्हटलं तरी कपात डोकावून बघत. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्याबरोबर काम करणं जिवावर येतं.

साठच्या दशकातली गोष्ट. समुद्राचं पाणी आत घेणारा कालवा नुकताच खोदून झाला होता. तळाशी डोंगराकडच्या पाड्यांवरच्या बायका गाळ काढत होत्या. आधी तळाशी घंटा वाजणार, ती ऐकून सगळ्यांनी वर यायचं, मग समुद्राकडचं दार आपोआप उघडणार, अशी योजना होती.

पॅनेलची किल्ली 'तपासणी'वर ठेवून सुपरवायझर एकेक टप्पा पुढे नेत होते. घंटेचा दिवा लागला. मी काठावरून खाली विचारलं.

"नाय वाजली, दादा," एक बाई म्हणाली.

पुन्हा केलं. पुन्हा दिवा, पुन्हा खाली शांतता. भरती चढत होती. दिवा लागतोय ना, मग चालू करा, असा बांधकामाच्या मोठ्या साहेबांनी लकडा लावला.

एवढ्यात शेजारच्या बंद कोठीतून बारीक गुणगुण ऐकू आली. कुलूप काढलं, तर आत एक छोटा बझर. किल्ली तपासणीवर असली की घंटेऐवजी तो वाजायचा. बसवणाऱ्यांनी आम्हाला सांगितलंच नव्हतं. साहेब हसले. म्हणजे घंटा ठीक आहे, म्हणाले.

"हा बझर ठीक आहे. घंटा अजून कोणी ऐकलेली नाही," सुपरवायझर म्हणाले.

पण खरी घंटा ऐकायची तर किल्ली 'चालू'वर न्यायला हवी, आणि मग दारही उघडणार. त्यांनी दाराचा फ्यूज काढून खिशात टाकला, बायकांना वर बोलावलं आणि स्वतः एकटे खाली उतरले. फ्यूज काढलेला होता, तरी कुठली तार कुठे जाते याची त्या दिवशी कोणालाच खात्री नव्हती. दारापलीकडे लाटा आपटत होत्या.

त्यांनी हात केला. मी किल्ली फिरवली. 

दार हललं नाही. त्यांनी वर बघून मान हलवली. नाही.

खाऱ्या हवेने घंटेची हातोडी गंजून घट्ट बसली होती. वर काठावर बायका पाट्या टेकवून उभ्या होत्या. साहेब त्यांच्याकडे बघत काठावरच बसले.

पुढे सुपरवायझरांची बदली झाली, लांब कुठेतरी. पुन्हा भेट नाही. बोईसरहून तारापूरला गेलो की मी त्या काठावर उभा राहतो. कालवा भरलेला असतो. ते एकटे उभे होते ती जमीन पाण्याखाली आहे.