तक्रार आणि निवलेली कॉफी

कराक शहराच्या चढावर टॅक्सी चालवणाऱ्या मुतलकला प्रश्न विचारण्याची खोड लहानपणापासूनची. किल्ल्याखालच्या वळणावर रकान नावाच्या हवालदाराने गाडी अडवली, तेव्हाही तो "कुठल्या नियमाखाली, भाऊ?" असे विचारून बसला. रकानने उत्तर देण्याऐवजी त्याचा परवाना खिशात घातला आणि पावतीही दिली नाही. दुसऱ्या दिवशी तर "कसला परवाना?" म्हणून कानांवर हात ठेवले. परवान्याविना मुतलकची गाडी दारात उभी राहिली.

"पोलिसाची तक्रार पोलिसांकडेच?" त्याची बायको नज्वा म्हणाली. "चहा पाजतील आणि परत पाठवतील."

मुतलकला नेमके तेच पाहायचे होते. तक्रार कार्यालयातल्या बाईंनी जागा, वेळ, हवालदाराच्या छातीवरचा क्रमांक टिपून घेतला आणि नोंदीची प्रत त्याच्या हाती दिली.

"चौकशी कोण करणार?"

"त्या हवालदाराच्या चौकीतला नाही, बाहेरचा अधिकारी."

"आणि तक्रार मागे कोण घेऊ शकतं?"

"फक्त तुम्ही. अजून काही विचारायचंय, की मी जेवू?"

शुक्रवारच्या नमाजानंतर रकानचे काका हाज सुवैलिम कुळातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन दारात उभे राहिले. रिवाजाप्रमाणे रकान स्वतः आला नव्हता. नज्वाने वेलदोड्याची कॉफी पाठवली. हाजींनी कप उचलला, ओठांना न लावता समोर ठेवला. बाकीच्यांनीही तसेच केले.

"अबू गैथ," हाज मुतलकला त्याच्या मुलाच्या नावाने, मानाने हाक मारत म्हणाले, "आमचं मागणं पुरं झाल्याखेरीज ही कॉफी घशाखाली उतरायची नाही. तक्रार मागे घ्या."

अशा वेळी यजमानाने "प्या, दिलं!" म्हणायचे असते. पाहुणे कॉफी न पिता उठले, तर दोन्ही घरांची नाचक्की. दाराआडून नज्वा डोळे वटारत होती. मुतलक मात्र गादीवर पुढे सरकला.

"हाज, एकच विचारतो. त्यानं परवान्याचं केलं काय?"

हाजींनी सोबत्यांकडे पाहिले. सोबत्यांनी कपांकडे.

"ते... आम्ही विचारलं नाही."

"म्हणजे काय मागे घ्यायचं, ते तुम्हालाही ठाऊक नाही! बोलवा की त्याला."

"तो येत नसतो अशा बैठकीला."

"मग कॉफी निवू द्या."

अखेर हाजींनीच फोन केला. रकान आला तो साध्या कपड्यांत, मान खाली घालून.

"तुमच्या प्रश्नाचा राग आला," तो म्हणाला. "संध्याकाळी परत देणार होतो. पण डब्याच्या पिशवीत ठेवला होता, आणि पिशवी बसमध्ये राहिली. साहेबांना काय सांगणार? म्हणून नाही म्हणालो."

"गाढवा!" हाज पुटपुटले.

मुतलकच्या चेहऱ्यावरचा ताण प्रथमच सैल झाला. उत्तर मिळाले होते. पण गाडी अजून दारातच होती.

"तक्रार राहील, हाज. यानं हेच उद्या कार्यालयात सांगून सही करावी, म्हणजे मला नवा परवाना मिळेल. शिक्षा कमी करा, असं मी तिथं स्वतः लिहून देईन. एवढं देतो. प्यायची तर प्या."

हाजींनी पुतण्याकडे रोखून पाहिले. रकानने मान हलवली.

"गार झालीय," हाज कप उचलत म्हणाले.

"थांबा," मुतलक उठला. "नज्वा, ताजी आण. पहिला कप याला."