श्वेताताईला ट्रायलमधून मीच बाहेर काढलं

मंडळी, घाईघाईतच लिहितेय.

आज सकाळी परळच्या ग्राउंडवर इंडिया टीमसाठी रग्बी लीग, म्हणजे रग्बीचाच एक प्रकार, त्याची निवड ट्रायल होती. आमची कॅप्टन श्वेताताई, नायगावच्या चाळीतली, आधीची कबड्डीवाली. मागच्या दोन्ही ट्रायलना थोडक्यात राहिली. आता एकोणतीसची आहे, घरचे म्हणतात हे शेवटचं.

पहिल्या हाफमध्ये टॅकल करताना तिचं डोकं समोरच्या मुलीच्या गुडघ्यावर आपटलं. लगेच उठली, हसली पण. हाफटाइमला मी पाणी द्यायला गेले तर मलाच विचारते, "ट्रायल कधी सुरू होणारे गं?"

अर्धी ट्रायल खेळून झाली होती आणि तिला ते आठवतच नव्हतं. माझा चेहरा बघून तिलाही कळलं, काहीतरी चुकलंय. हात घट्ट धरून म्हणाली, "सरांना बोललीस ना, तर तोंड नाही बघणार तुझं."

शिट्टी वाजली. ती ग्राउंडवर धावली आणि मी आमच्या कोच सरांकडे. सरांनी तिला तिथल्या तिथे थांबवलं.

आता आम्ही हॉस्पिटलमध्ये स्कॅनसाठी थांबलोय. ती माझ्या शेजारीच बसलीये, पण तोंड फिरवून. मगाशी फक्त एकदा बोलली, "झालीस खूश?"

उद्या परत असं झालं तरी मी सरांना सांगणारच. पण आत्ता तिच्याशी काय बोलू, ते कोणीतरी सांगा ना.